गुरुवारच्या मंडळाचं ध्येय

४ जुलै, गुरुवार

आपल्या मंडळाला ध्येयच नाही, हे आज कळलं. इतकी वर्षं नुसतंच गामेलान, आमचा गाँग-घंटांचा वाद्यमेळ, वाजवत होतो म्हणे!

सांगणारी बू अनिंद्या. नव्या सरपंचांची बायको. जकार्तात वाढलेली, पस्तिशीची, बोलायला गोड. वयानं लहान, पण मानानं बू, म्हणजे बाई. सरपंचाची बायको ती बायकांच्या मंडळाची अध्यक्ष, हे आमच्याकडे ठरलेलंच, त्यात तिची काही चूक नाही. तालीम संपल्यावर तिनं आम्हाला मंडपात चटईवर बसवलं आणि विचारलं, "आपल्या गामेलान मंडळाचं ध्येय काय? उद्दिष्टं काय? फलक कुठे आहे?"

खरंच की. शाळेला फलक आहे, दवाखान्याला आहे, पोलीस चौकीला आहे. दारातच वर ध्येय, खाली ओळीनं उद्दिष्टं. आमच्या मंडपात भिंतीवर फक्त पाल.

यू गियेम माझ्या कानाशी पुटपुटली, "चहा निवायच्या आत गत संपवायची, हेच आपलं ध्येय." मी हसू दाबायला तोंड फिरवलं. ही गियेम माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून यू, म्हणजे ताई. पण वागते धाकटीसारखी.

मग बू अनिंद्यानं विचारलं, "हे मंडळ सुरू कशासाठी झालं होतं?" सगळ्या म्हाताऱ्या मूग गिळून बसल्या. गियेम चटईचा काठ उसवत बसली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "असंच." मी तरी काय सांगणार? म्बाह सुमीनं काढलं मंडळ, ती आजी तर कधीच गेली. आणि मला त्या काळातलं फारसं आठवत नाही.

मी शाळेत शिकवायचे म्हणून मसुदा माझ्या गळ्यात. रीतीप्रमाणे मी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा नको म्हटलं. गियेमनं आणि बाकीच्यांनी तिसऱ्यांदा आग्रह केला तेव्हा 'बरं' म्हटलं. बू अनिंद्या गोंधळल्यासारखी आमच्या तोंडांकडे बघत होती.

तालमीआधी माझ्या लेकीच्या, वुलानच्या थडग्यावर फुलं टाकून आले. दर गुरुवारसारखी. सहा वर्षांची होती. आज असती तर तिची पोरं शाळेत जाती.


७ जुलै, रविवार

आगुंगचा बाताम बेटावरून फोन. लेकरू कामात असतं. अर्धा फोन 'जेवलीस का' यात जातो, उरलेला अर्धा 'तू जेवलास का' यात. ठेवल्यावर घर खायला उठतं. हे गेल्यापासून रेडिओ दिवसभर चालू ठेवते, कुणीतरी बोलतंय एवढंच.


९ जुलै, मंगळवार

मसुदा घेऊन बू अनिंद्याकडे गेले. किती विचार करून लिहिला होता: 'ध्येय: दर गुरुवारी दुपारी एकत्र बसून वाजवणे.'

तिनं वाचलं. मान तिरकी करून हसली. "बू हार्तिनी, हे ध्येय नाही हो. ही सवय झाली."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण हसले. ती बिचारी समजावून सांगायला लागली. प्रशिक्षणाला जाऊन आलीये. ध्येय म्हणजे लांबचं, जिथे पोचायचं ते. उद्दिष्ट म्हणजे जवळचं, आणि ते मोजता आलं पाहिजे. "कधीतरी म्हणता आलं पाहिजे ना, की हो, हे आपण गाठलं, हे काम झालं! नाहीतर माणसं कशासाठी येतात तेच त्यांना कळत नाही."

मी म्हटलं, "चहासाठी येतात." तिला ते खरंच वाटलं. लिहून घेतलं!

मग आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. मी लिहिलं म्हणजे, तिनं सांगितलं. ध्येय: जावाच्या संगीताचा वारसा जपणारं जिल्ह्यातलं आदर्श महिला मंडळ होणे. उद्दिष्टं: पुढच्या वर्षी जिल्हा स्पर्धेत पहिल्या तिनात येणे. नवी पिढी पुढे आणणे. तालीम शनिवारी घेणे, म्हणजे नोकरीवाल्या पोरींना येता येईल. शब्द छान जमलेत. मुलांच्या निबंधाला मी दहापैकी नऊ दिले असते.

घरी येताना वाटलं, शनिवार कशाला? पण तोपर्यंत शाईनं लिहून झालं होतं.


११ जुलै, गुरुवार

हे कसं लिहू.

सभा झाली. बू अनिंद्यानं ध्येय वाचलं, विचारलं, "मान्य?" सगळ्या म्हणाल्या, "मान्य." शनिवार मान्य? "मान्य." स्पर्धा मान्य? "मान्य." आमच्याकडे समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणणारी बाई अजून जन्मायची आहे. मान्य म्हणजे 'ऐकलं' एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळतं. तिला वाटलं, सगळ्या एका मनाच्या आहेत. तिचा चेहरा एवढा फुलला की कुणाचं धाडस होणार?

मग ती माझ्याकडे वळली. मी पुढच्या रांगेत सारोन वाजवते. कांशाच्या पट्ट्या, उजव्या हातात हातोडी, आणि डाव्या हातानं आधीची पट्टी चिमटीत धरून तिचा नाद मारायचा. माझा डावा हात संधिवातानं मागे पडतो. दोन स्वर एकात एक मिसळतात. मला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, कुणी कधी बोललं नाही.

ती फार मायेनं म्हणाली, "बू हार्तिनी, स्पर्धेची तालीम कडक होणार. तुम्हाला सारोनवर बसायला झेपेल ना? राहाल ना तुम्ही?"

आणि मी म्हटलं, "छे छे, मी आता म्हातारी झाले. माझं वाजवून पुरे झालं. तरण्या पोरींना बसू दे."

असंच तर म्हणायचं असतं! मग समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, तुमच्याशिवाय कसं होईल. मग आपण परत नको म्हणायचं. मग सगळ्यांनी ओढायचं आणि आपण कुरकुरत बसायचं. चहाचा पेला पुढे केला तरी आम्ही असंच करतो. मी पुढचं 'नको' तोंडात तयार ठेवून बसले होते.

तिनं टाळ्या वाजवल्या.

म्हणाली, "केवढं मोठं मन! बू हार्तिनी आजपासून आपल्या ज्येष्ठ सल्लागार." तिनं वाजवल्यावर बाकीच्यांनी वाजवल्या. गियेमनंही. मी हात जोडले, हसले. अजून गाल दुखतायत त्या हसण्यानं.


१२ जुलै, शुक्रवार

कुणीतरी येईल. एकीला तरी कळलं असेलच की.


१४ जुलै, रविवार

नाही आलं कुणी. आगुंगला सांगितलं, मी मंडळाची सल्लागार झाले. म्हणाला, "वा आई! बढती!"


१८ जुलै, गुरुवार

पहिला गुरुवार तालमीशिवाय. दुपारी स्मशानात गेले, फुलं टाकली. एरवी तालमीची घाई असते म्हणून दोन प्रार्थना म्हणून निघते. आज निघायचं कशाला? बसले. चाफ्याखाली बरं वाटतं. राखणदार दिवे लावायला आला तेव्हा म्हणाला, "बू, पूर्वीसारखं बसू नका इथे, डास आहेत." पूर्वीसारखं म्हणजे कसं, विचारलं नाही.


२० जुलै, शनिवार

मंडप घरापासून लांब नाही. सगळं ऐकू येतं. माझ्या जागी कोणीतरी पोरगी बसली आहे. हात चांगला आहे मेलीचा. एकही नाद दुसऱ्यात मिसळत नाही. स्वच्छ.

ओट्यावर बोटं आपोआप चालत होती. भात करपला.


२५ जुलै, गुरुवार

बाजारात गियेम भेटली. तिचं टेम्पेचं, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचं दुकान, मी तिथूनच घेते. पूर्वी दोन वड्या जास्त टाकायची आणि वर चार गोष्टी ऐकवायची. आज पुडी बांधून दिली आणि विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "मजेत." म्हणाली, "दिसतंच आहे." एवढंच! मला थांबावंसं वाटत होतं, मिरच्या उगाच निवडत राहिले. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

काय वाईट केलंय मी हिचं? जागा माझी गेली आणि फुगून ही बसली. आता काय उलटं मी हिच्या दारात जाऊन म्हणू, मला बोलवा? जीव गेला तरी म्हणायची नाही. बोलावल्याशिवाय जायला मी काय मांजर आहे?

आज परत चाफ्याखाली बसले.


३ ऑगस्ट, शनिवार

फलक आला! हिरव्यावर सोनेरी अक्षरं. बू अनिंद्यानं मुद्दाम घरी येऊन फोटो दाखवला. तिला एका गोष्टीचं कौतुक वाटतं, मी मदत केली याचं. म्हणाली, "तुमची भाषा किती सुंदर आहे." चहा ठेवला. तिनं पहिल्याच आग्रहाला पेला उचलला. मला आधी राग आला, मग वाटलं, हे किती सोपं आहे. हवंय, घेतलं.

जाताना म्हणाली, "तुम्ही येत जा ना हो कधी ऐकायला." ऐकायला.


८ ऑगस्ट, गुरुवार

काही नाही.


१७ ऑगस्ट, शनिवार

स्वातंत्र्यदिन. पटांगणात पोरांच्या पोत्याच्या शर्यती, मग आमच्या मंडळाचं वादन. आमच्या? त्यांच्या.

मला घरून आणायला माणूस पाठवला. पहिल्या रांगेत, सरपंचाच्या शेजारी खुर्ची. गळ्यात जाईचा हार. मी निळी केबाया, लांब बाह्यांची चोळी, घातली होती, मंडळाचीच, दुसरी चांगली नाहीये. पोरींची नवी होती, गुलाबी. त्या घोळक्यात मी निळी एकटी.

वाजवलं छानच. खोटं कशाला बोलू. मागे गाँगवर रुकिनी, केनोंगच्या आडव्या घंटांवर पार्सी, झांजांवर गियेम. माझ्या म्हाताऱ्या तिघी मागच्या रांगेत, आणि मी त्यांच्यासमोर खुर्चीत, पाय लोंबकळत. सगळ्यांसमोर रडायचं नाही म्हणून हसत राहिले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गियेम एकदा माझ्याकडे टक लावून बघत होती. मी आणखी हसले, दात दाखवून. म्हटलं, बघ, मला काही फरक पडत नाही.

हार काढून दाराला अडकवलाय. घरभर वास. माणूस गेलेल्या घरात येतो तसा. फेकून देते.


२२ ऑगस्ट, गुरुवार

भाजीवालीनं सांगितलं, गाँगवाल्या रुकिनीनं मंडळ सोडलं. गुडघे म्हणे. मागच्या महिन्यात तर भातलावणीला गेली होती त्याच गुडघ्यांवर.


२४ ऑगस्ट, शनिवार

मंडपातून सारोनचाच आवाज, मध्येच थांबणारा. पार्सीही नाही. गाँग नसला की गत कुठे संपली तेच कळत नाही. सुरू होत होतं, विस्कटत होतं. मग बंदच झालं.

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. दुपारभर कान तिकडेच. घर इतकं शांत की माठातलं पाणी ऐकू यावं.


२९ ऑगस्ट, गुरुवार

बू अनिंद्या आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. दारातच म्हणाली, "काल यू गियेमनंही सोडलं. आता जुन्या तिघीही गेल्या. तुम्ही सल्लागार आहात ना? मग सल्ला द्या. माझं काय चुकलं?"

तिला बसवलं. रडली मग. सासरी आल्यापासून तिच्याशी कुणी खरं बोलतच नाही म्हणाली. सगळे हसतात, सगळे मान्य म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही. "उद्दिष्टं सगळ्यांनी मान्य केली होती! मी एकेकीला विचारलं होतं. नको होतं तर नको म्हणायचं ना! गियेमना विचारलं, का जाता? तर म्हणे, गुडघे. सगळ्यांचे गुडघे एकदम कसे दुखतात?"

मी तिची पाठ थोपटली. एवढी मोठी सरपंचीण, आणि घरात माझ्यासारखीच एकटी. नवरा सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. मंडळ तिलाही हवंय, फलकासाठी नाही. हे मला आधी का दिसलं नाही कोण जाणे.

डोळे पुसून ती म्हणाली, "तुम्ही तरी याल का परत? हात मागे पडू दे."

सगळं अंग 'हो' म्हणत होतं. आणि तोंडातून काय निघावं? "छे, मी आता म्हातारी."

तिनं मान हलवली. "बरोबर आहे. मी उगाच आग्रह करतेय." उठली, गेली. मी दारात उभी. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्यासारखी मूर्ख बाई मीच. आपल्या चांगल्या चालीरीतींनी आपलाच गळा आवळून घेतला.

आज स्मशानात गेले नाही. तिथे गेले की उठवत नाही हल्ली. उद्या गियेमकडे जाते. बोलावलेलं नसलं तरी.


३० ऑगस्ट, शुक्रवार

गियेम केळीच्या पानांत टेम्पे बांधत होती. वर बघितलं नाही. मी उभ्या उभ्या विचारलं, "का सोडलंत ग सगळ्यांनी?"

"काम झालं म्हणून."

"कसलं काम?"

"मंडळाचं." मग तिचे हात थांबले. "वुलान गेल्यावर तू गुरुवारी थडग्यापाशी जाऊन बसायचीस. अंधार पडला तरी उठायची नाहीस, जेवायची नाहीस. नवरा हात टेकून बसला होता. म्बाह सुमी म्हणाली, हिला गुरुवारी दुपारी तिथून उठवायला काहीतरी काढा. आमच्यापैकी एकीला तरी हातोडी धरता येत होती का? तुला कशी सांगणार होतो? मंडळ कशासाठी काढलं, असं त्या अनिंद्या पोरीनं विचारलं तेव्हा तरी, तुझ्यासमोर, कसं सांगणार होतो? मग तूच म्हणालीस, माझं वाजवून पुरे झालं. आधी वाईटच वाटलं मला. पण सतरा तारखेला हार घालून हसत बसली होतीस. मी रुकिनीला म्हटलं, झाली ग बरी. लागली इतकी वर्षं, पण झाली. आता आपण घरी जाऊ."

मी म्हटलं, "नाही झाले ग यू. मला परत यायचंय."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. हात धुतले, दुकान उघडंच टाकलं आणि रुकिनीच्या घराकडे निघाली.